लाल खडू

उद्यमबागेत सव्वीस वर्षं मी एकच काम केलं :
बघणं.
पंपाचं ओतीव कवच, अजून कोमट,
हातात घ्यायचं, ट्यूबखाली फिरवायचं.
छिद्र, चीर, वाळूचा डाग...
सापडलं की लाल खडूनं फुली.
पाळीला चारशे नग. नगाला एक मिनिट.
‘किणेकरांचा डोळा म्हणजे चाळण,’ असं म्हणत,
आणि मला ते कौतुक वाटे.

मुलीनं परस्पर फॉर्म भरला.
म्हणाली, बाबा, तुम्ही जेवतानासुद्धा फुल्या मारता.

शहापुरात, साड्यांच्या दुकानावरचा माळा.
दहा रविवार, कलेचा रसास्वाद.
अकराजण आम्ही, त्यात एक दाताचे डॉक्टर,
आणि खानापूरहून पहिली बस धरून येणाऱ्या अष्टेकरबाई.
हुक्केरी मॅडम घरी कन्नड,
वर्गात मराठी,
घाईत दोन्ही.

भिंतीवर पहिलं चित्र पडलं :
तांब्याचा गडू, तीन लिंबं, एक अर्धवट सोललेलं.
काय दिसतं? मीच आधी हात वर केला.
गडूचा काठ वाकडा आहे.
उजव्या लिंबाची सावली चुकलीय.
‘बरोबर,’ त्या म्हणाल्या. ‘आता चूक सोडून सांगा.’

मला काहीच दिसेना.

‘स्वल्प निल्री, किणेकर. थांबा जरा.’
दहा मिनिटं थांबलो.
पंखा कुरकुरला, खाली कुणी काठपदरावरून घासाघीस केली,
माझा हात खिशातल्या खडूशी चाळा करत राहिला.
सहाव्या की सातव्या मिनिटाला
लिंबाचा पिवळा
तांब्याच्या पोटात उतरलेला दिसला.
एवढासा. नखाएवढा.
कुणीतरी तो आधी पाहिला होता
आणि पाहून सोडून दिला नव्हता.

मग कळत गेलं काहीबाही.
सावली काळी नसते.
चित्रात रिकामी ठेवलेली जागा विसरलेली नसते.
‘आवडलं’ म्हणायची घाई
आणि ‘नाही आवडलं’ म्हणायची घाई
या सख्ख्या बहिणी.
हे वहीत लिहिलं. वही नंतर बसमध्ये राहिली.

एका रविवारी नुसती खुर्ची होती, खिडकीपाशी.
डॉक्टर म्हणाले, लाकूडकाम सुंदर.
अष्टेकरबाई म्हणाल्या,
‘आत्ताच कुणीतरी उठून गेलंय.’
त्यावर कुणी बोललं नाही.
मॅडमनी चहा लवकर मागवला.

किल्ल्यात कमलबस्तीत नेलं,
छताचं दगडी कमळ बघायला.
मान दुखेपर्यंत मी सवयीनं चीर शोधली.
सापडली की नाही, सांगत नाही.
पण खाली उतरताना वाटलं,
हे घडवणाऱ्याच्या मागे
खडू घेऊन कोण उभं असेल?

आठव्या रविवारी एक हात होता.
म्हातारा, शिरा वर आलेल्या,
अंगठ्याचं नख चिरलेलं.
जुन्या परदेशी कागदावर,
फक्त लाल खडूनं.

माझ्या खिशात होता तसाच लाल.

त्या दिवशी घरी चालत आलो.
गोवावेसपाशी उगाच थांबलो.
रस्त्यावरच्या पाट्यांवर दोन लिप्या,
इतकी वर्षं फक्त भांडणं वाचली होती त्यांत.
कन्नड अक्षरांची पोटं गोल,
आपल्याला डोक्यावर रेघ, वाळत घातल्यासारखी.
बघत राहिलो. पानवाला म्हणाला, काय पाहिजे?

सोमवार. पहिली पाळी.
चौदावा नग, काठाशी छिद्र.
छिद्राभोवती निळसर जांभळी झाक,
येळ्ळूरच्या गडामागं दिवस बुडाल्यावर राहते तशी.
चार मिनिटं गेली. मागं नग साठले.
बसू हेल्परनं विचारलं, पास करताय का काय ओ?

नाही. रिजेक्टच.
पंप गळला असता.

फुली मारली.
एक रेघ दाबून,
दुसरी सुटत सुटत हलकी,
टोकाला नुसती भुकटी.

बसूनं ते कवच भंगाराच्या ढिगाकडे नेलं,
मधेच थांबला, वळवून बघितलं,
आणि ढिगात टाकताना
फुली वरच्या बाजूला ठेवली.